नऊशे एकवीस डॉलरचा ऑथेल्लो

परवाच्या मीटिंगमध्ये एक पोरगा उभा राहून म्हणाला, "स्टार आणला की गर्दी होते, गर्दी झाली की विचार पोचतो." सगळ्यांच्या माना हलल्या. माझीही हलली. मी तिसऱ्या पाळीतनं थेट आलो होतो, केसांत रुई, डोळ्यांवर झापड. मान आपोआप हलली. घरी गेलो, झोपलो, दुपारी उठलो आणि स्वतःचीच लाज वाटली. हा लेख म्हंजे त्या हललेल्या मानेचा जबाब आहे. कुणाला झोंबला तर झोंबू द्या, आधी मलाच झोंबलाय.

ठराव काय होता ते बाहेरगावच्या दोस्तांसाठी सांगतो. यंदाच्या जयंतीला बाबासाहेबांवरचं एक महानाट्य आणायचं. सिरियलीतला एक ओळखीचा चेहरा त्यात बाबासाहेब होतो. दोन ट्रक सामान, फिरता रंगमंच, धुराचं मशीन. सुपारी सात लाख. वर्गणीत एवढं बसत नाही, म्हणून तिकीट लावायचं. पुढच्या खुर्च्या हजाराच्या, मधल्या पाचशेच्या, मागं उभं राहायला शंभर. पहिल्या चार रांगा प्रायोजकांना. "पोस्टर लावा, आठ दिवसांत प्लॅन फुल्ल होतो," असं सुपारी फोडणारा एजंट म्हणाला. आणि आपला जलसा? तो संध्याकाळी पाचला उरकून घ्या म्हणे, पाहुणे यायच्या आत. 'उरकून' हा शब्द माझा नाही, मीटिंगमधला आहे.

आता मी तुम्हाला न्यूयॉर्कला नेणार आहे. हसू नका. ज्याला आपलं दुखणं कळत नाही त्यानं दुसऱ्याचा एक्स-रे बघावा. हा धंदा जगात सगळ्यात चकचकीत तिथं चालतो, आणि आकडेही उघड छापतात.

२०२५ च्या वसंतात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, एथेल बॅरीमूर थिएटरात शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' लागलं. ऑथेल्लो झाला होता डेन्झेल वॉशिंग्टन, इयागो झाला होता जेक जिलेनहॉल. दिग्दर्शक केनी लिऑन. पुढच्या चांगल्या खुर्चीचं तिकीट नऊशे एकवीस डॉलर. त्या वेळच्या भावानं सुमारे ऐंशी हजार रुपये. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर सायडर आहे, हातात महिना तेरा हजार पडतात. म्हंजे सहा महिने मी आणि माझ्या आईनं एक दाणाही खाल्ला नाही, घरभाडं दिलं नाही, तर मला ती एक खुर्ची मिळते, अडीच-तीन तासांसाठी. सगळ्या खुर्च्या एवढ्या महाग नव्हत्या हे खरं. पण सरासरी तिकीटही साडेतीनशे डॉलरच्या वर गेलं होतं. तीस हजार रुपये.

आता नीट ऐका. तिकडं रीत अशी आहे की अधिकृत पहिल्या प्रयोगाआधी काही आठवडे तिकीट लावूनच प्रयोग करतात. त्याला प्रीव्ह्यू म्हणतात. नाटक अजून ओलं असतं, दिग्दर्शक फेरफार करत असतो, पेपरात परीक्षण छापून आलेलं नसतं. या ऑथेल्लोचा अधिकृत पहिला प्रयोग २३ मार्चला होता. आणि ९ मार्चला संपलेल्या आठवड्यातच त्यानं अठ्ठावीस लाख डॉलरचा गल्ला जमवला. ब्रॉडवेवर तोवर कुठल्याही गद्य नाटकाला एका आठवड्यात एवढा गल्ला झाला नव्हता. विक्रम आधी, नाटक मागनं. परीक्षणं आली ती कोमटच होती. टोनी नावाचं तिकडचं मोठं बक्षीस, त्याच्या नामांकनात या नाटकाचं नाव एकदाही आलं नाही. पण गल्ला ठरून गेला होता. परीक्षणानं काही बिघडत नव्हतं, काही सुधारतही नव्हतं.

लंडनला २०१५ साली बेनेडिक्ट कंबरबॅच हॅम्लेट झाला, त्याची तिकिटं २०१४ सालीच, वर्षभर आधी संपली होती. एक वर्ष! त्या हॅम्लेटच्या तालमीसुद्धा सुरू झालेल्या नसणार.

मग लोकांनी विकत काय घेतलं?

मी सूत काततो. चाळीस काउंटचं सूत घ्यायला व्यापारी येतो तेव्हा कोन हातात घेऊन बघतो, नमुना तपासायला पाठवतो, ताकद बघतो, गाठी मोजतो. कमी भरलं तर माल परत येतो आणि आमच्या खात्याला शिव्या बसतात. नाटकाचा नमुना नसतो हे मला कळतं. पण कुणीतरी बघून आलेला असतो. तो पानपट्टीवर सांगतो, गिरणीच्या कँटीनमध्ये सांगतो, "बघ रे, पोटात कालवतं." तमाशाचा फड गावात पहिल्या रात्री कसा रंगला, त्यावर दुसऱ्या रात्रीची कनात भरते. नाटकाची आणि लोकांची ही रोजची झटापट आहे. लोकांनी नाटकाला पाडावं, नाटकानं लोकांना पाडावं. पडदा उघडायच्या आधीच सगळं विकलं गेलं की ही झटापट संपते. नाटकाला कुणाला जबाब द्यायचा राहत नाही. चेहरा दिसला, पैसे फिटले.

आमच्या आज्याच्या काळात सिनेमाच्या दारात ब्लॅकवाला उभा असे. दहाचं तिकीट वीसला. त्याला पोलीस हाकलायचे. ब्रॉडवेवर २००१ साली 'द प्रोड्यूसर्स' नावाचं संगीत नाटक असंच दोन मोठ्या नटांच्या नावावर तुफान चाललं. ब्लॅकवाले पैसा करायला लागले. तेव्हा मालकांनी उपाय काढला: काही खुर्च्या आपणच चारशे ऐंशी डॉलरला विकायच्या. कारण दिलं, ब्लॅक मोडायचा. ब्लॅकवाल्याला हाकलून त्याच्या जागेवर मालक स्वतः उभा राहिला, फक्त आता त्याच्या हातात पावतीबुक होतं. चारशे ऐंशीचे नऊशे एकवीस व्हायला चोवीस वर्षं लागली.

आता कुणी म्हणेल, तू ऑथेल्लोच का धरलास? तिथं तर नायकही काळा, दिग्दर्शकही काळा. आपल्या जातकुळीचा माणूस एवढ्या उंचीवर गेला तर तुझ्या पोटात का दुखतं?

दोस्तांनो, डेन्झेल वॉशिंग्टनशी माझं भांडण नाही. १९९२ चा त्याचा 'माल्कम एक्स' मी मोबाईलवर तीनदा बघितलाय, एकदा तर पाळीत, साचा चालू ठेवून, आणि मुकादमाच्या शिव्या खाल्ल्यात. माझं भांडण त्या खुर्चीशी आहे. आणि ऑथेल्लो मी धरला कारण त्या नाटकाच्या अंगावर या सगळ्या गोष्टीचे वळ आहेत.

ऑथेल्लो कोण? काळा सरदार. व्हेनिसच्या गोऱ्या व्यापाऱ्यांना लढाईत पाहिजे, पण लेकीशी लगीन लावायला नको. त्याची तलवार चालते, त्याचा हात नाही चालत. ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज आहे का? महारांनी पलटणीत मरावं, गावच्या पाणवठ्यावर येऊ नये, हाच तो मसुदा. आणि त्या सगळ्या नाटकाची फाशी कशावर बसते? एका हातरुमालावर. गिरणीतला माणूस म्हणून मला ते फार लागलं. चार चौरस वीत कापड. एक माणूस ते चोरतो, दुसरा त्याच्यावर विश्वास ठेवतो, आणि बायको मरते. (शेक्सपिअरनं तो रुमाल रेशमी केलाय. सुती असता तर आमच्या खात्यातनं गेला असता.)

मराठीला ऑथेल्लो नवा नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली त्याचं भाषांतर केलं, १८९० साली देवलांनी त्याचा 'झुंझारराव' केला. आपल्या शास्त्र्यांना काळा सरदार कागदावर चालला. त्या काळात नाटकगृहाच्या दाराशी महाराचा पोर उभा राहिला असता तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही. तुम्ही ओळखा.

१८६७ साल ध्यानात ठेवा. त्याच साली, पोलंडमधल्या लॉड्झ गावी, दौऱ्यावर असताना आयरा आल्ड्रिज मेला. हा न्यूयॉर्कचा काळा पोरगा, जन्म १८०७. त्याच्या लहानपणी न्यूयॉर्कात काळ्या लोकांनी आपलं थिएटर काढलं होतं, १८२१ साली, आणि ते शेक्सपिअर करत होते. शेजारच्या गोऱ्या थिएटरमालकाला ते खुपलं. पोलीस आले आणि नटांना धरून घेऊन गेले. गुन्हा काय, तर काळ्या तोंडानं शेक्सपिअर बोलले! आल्ड्रिज मग इंग्लंडला गेला. १८३३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ऑथेल्लो झाला. पेपरवाल्यांनी त्याच्या रंगावर थुंकून घेतलं आणि दोन प्रयोगांत ते संपलं. मग तो युरोपभर भटकत ऑथेल्लो करत राहिला. जिथं मेला ते लॉड्झ गिरण्यांचं गाव. सूत, कापड, चिमण्या. तिथंच त्याला पुरलं. नकाशावर ते गाव शोधताना मला का कोण जाणे, आपल्याच गावच्या स्टेशनाजवळची जुनी चिमणी दिसत होती.

ज्या शहरात शेक्सपिअर केला म्हणून काळे नट पकडले, त्याच शहरात दोनशे वर्षांनी काळ्या ऑथेल्लोनं गल्ल्याचा विक्रम केला. याला पुढं जाणं म्हणायचं की नाही? म्हणायचं. मी आंधळा नाही. पण मधल्या एका माणसाचं नाव सांगितल्याशिवाय हा हिशोब पुरा होत नाही.

पॉल रोबसन. बाप गुलामीतनं पळून आलेला. पोरगा वकिली शिकला, नट झाला, गवई झाला. १९३० साली लंडनला ऑथेल्लो केला. तेच नाटक न्यूयॉर्कला न्यायला तेरा वर्षं लागली, कारण काळा माणूस रंगमंचावर गोऱ्या बाईला जवळ घेतो हे अमेरिकेच्या डोळ्यांना सोसत नव्हतं. १९४३ च्या ऑक्टोबरात ते ब्रॉडवेवर लागलं आणि २९६ प्रयोग झाले. ब्रॉडवेवर शेक्सपिअरच्या कुठल्याही नाटकाचे सलग एवढे प्रयोग त्याआधी झाले नव्हते, नंतरही झालेले नाहीत. म्हंजे रोबसनही स्टारच. त्याच्याही नावावर खुर्च्या भरत. मग माझा मुद्दा कुठं राहिला?

मुद्दा पुढं आहे. ते नाटक गावोगाव दौऱ्यावर निघालं तेव्हा रोबसननं अट घातली: जिथं काळ्यांना वेगळं बसवतात त्या थिएटरात मी उभा राहणार नाही. गल्ला बुडाला तर बुडू दे. त्यानं आपलं नाव दाराशी नेऊन खर्च केलं, कोण आत येणार ह्या प्रश्नावर. त्याची किंमतही दिली. १९५० साली अमेरिकन सरकारनं त्याचा पासपोर्ट काढून घेतला, १९५८ ला परत दिला. आठ वर्षं ज्याच्या आवाजावर जग फिदा होतं त्याच्या हातात पासपोर्ट नव्हता. १९५८ साली त्याची साठी आपल्या देशातही साजरी झाली, समितीवर मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छागला होते. रोबसन आणि ड्यू बॉईस हे एका चळवळीतले सोबती. आणि त्याच ड्यू बॉईसना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र धाडलं होतं, अमेरिकेतल्या निग्रोंनी युनोकडं केलेल्या अर्जाची प्रत मागायला. पुढं १९६६ साली तिकडं ब्लॅक पँथर निघाली आणि १९७२ साली मुंबईत आपली पँथर. तेव्हा रोबसन आपल्याला परका नाही. चुलत्यासारखा आहे. चुलत्याला विचारल्याशिवाय घरातला ठराव पास करायचा नसतो.

स्टार असणं हा गुन्हा नाही, हे मी लिहून देतो. वामनदादा कर्डक स्टार नव्हते काय? होते. पण दादांचं गाणं गावात आधी पोचायचं, बायाबापड्यांच्या तोंडी बसायचं, आणि माणूस मागनं यायचा. लोक चेहरा बघून गाण्याला आले नाहीत, गाणं ऐकून चेहरा बघायला आले. आज उलटं चाललंय. चेहरा आधी पोस्टरवर येतो, आणि गाणं कुणी लिहिलं ते एजंटला विचारलं तर तो म्हणतो, "रायटर आहे ना एक."

पेपरातली नाटकाची जाहिरात काढून बघा. नटाचा चेहरा वीतभर, लेखकाचं नाव मुंगीएवढं. मराठीतलं पहिल्या काही नाटकांतलं एक नाटक आपल्या माणसानं लिहिलं. जोतिबा फुल्यांचं 'तृतीय रत्न', १८५५. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाकारलं आणि जोतिबांच्या हयातीत ते उभं राहिलं नाही. छापून आलं तेही शंभराहून जास्त वर्षांनी. एका बाजूला हे, ज्याचा पहिला प्रयोगच लोकांनी होऊ दिला नाही असं पुरं नाटक, आणि दुसऱ्या बाजूला पहिल्या प्रयोगाआधी संपलेली तिकिटं. दोन्हीकडं नाटक वाचायची गरज कुणाला पडली नाही, यात मात्र एकमत.

आणि स्टारशिवाय गर्दी होत नाही हे कुणी सांगितलं? म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' १९५६ साली नागपूरला दीक्षेच्या वेळी झालं, कॉलेजातल्या पोरांनी केलं, पुढं जनसागर. कुठला स्टार होता? २०१२ साली 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. लिहिलं राजकुमार तांगडेंनी, संकल्पना आणि गाणी संभाजी भगतांची, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. रंगमंचावर जालन्याकडची शेतकऱ्याघरची पोरं, सिरियलीतला एक चेहरा नाही. शेकडो प्रयोग झाले, मुंबई-पुण्याच्या पांढरपेशा थिएटरांतनं हाऊसफुल्लचे बोर्ड लागले. ते कसे लागले? पहिला प्रयोग बघितलेल्यानं दुसऱ्याला सांगितलं, म्हणून लागले. तो हाऊसफुल्ल मला मान्य आहे. त्याच्यापुढं मी टोपी काढतो.

माझा आजा मुंबईत गिरणीत रिंग खात्यातच होता. रिंग खात्यात का, हे पोरांना माहीत नसतं म्हणून सांगतो. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. आपल्या माणसाची थुंकी लागलेला धोटा दुसरे तोंडाला कसा लावणार? म्हणून आपल्याला विणकामात घेतच नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. आजाच्या वेळेपर्यंत ती रीत सैल झाली होती, पण चुलते-पुतणे ज्या खात्यात लागले त्याच खात्यात पुढचे लागत गेले. त्यातनं मीही रिंगवरच. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, आजा गावी परत आला तो आलाच. परळचं दामोदर हॉल हे त्याचं काशी-पंढरपूर. (तो असता तर ह्या शब्दाला शिवी दिली असती.) कामगारांची नाटकं तिथं तो बघायचा. ते थिएटर २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झालं तेव्हा मी पेपर आणून आजीला वाचून दाखवला. आजा तोवर गेला होता.

आजा सांगायचा, चाळीत जलसा लागला की तो दुसरी पाळी सुटल्यावर लागायचा. रात्री बारा-साडेबाराला. तिसऱ्या पाळीवाल्यांचा चुकला तर रविवारी दुपारी परत. वेळ माणसांच्या पाळीवर ठरायची, पाहुण्याच्या गाडीवर नाही. मी लहान होतो तेव्हा मला ही नुसती गंमत वाटायची. आता कळतं ते नाटकाचं शास्त्र होतं.

आता गावात परत येतो.

आपल्या जलशात यंदा एक वग आहे. कशावर आहे ते मीटिंगमध्ये कुणी विचारलंच नाही. आमच्या खात्यात ठेकेदाराकडं एक मावशी आहे. डबल पाळीत बोट साच्यात गेलं. अर्धं बोट गेलं. ठेकेदार म्हणाला, तुझं नावच हजेरीपुस्तकात नाही, तर अपघात कसा झाला? मावशीनं ते वाक्य मला आणून दिलं. मी वगात जसंच्या तसं घातलंय, एक अक्षर बदललं नाही, बदलायची माझी लायकी नाही. ती मला रोज विचारते, "लेकरा, कधी हाय रं आपलं नाटक?" आपलं म्हणते. परवा मी सांगितलं, चौदा तारखेला संध्याकाळी पाचला. ती गप झाली. मग म्हणाली, "पाचला मी साच्यावर असती. चार ते बारा." जयंतीची सुट्टी परमनंटवाल्यांना असते. ठेकेदाराच्या माणसांना ती कॅलेंडरातच असते.

तिला दिवसाला तीनशे ऐंशी मिळतात. महानाट्याची हजाराची खुर्ची म्हंजे तिच्या अडीच हजेरीच्या वर. शंभराचं उभ्याचं तिकीट ती काढेलही, कारण बाबासाहेब आहेत, पोटाला चिमटा घेऊन काढेल. आणि उभी राहून तिला पुढं काय दिसेल? प्रायोजकांच्या यादीत कोण कोण आहे ते मी खजिनदाराकडं बसून वाचलं. तिसऱ्या नंबरावर तिचाच ठेकेदार आहे. पंचवीस हजार. पहिल्या रांगेत सहा खुर्च्या. महानाट्यात एक प्रवेश आहे म्हणे, बाबासाहेब १९४२ ला मजूरमंत्री होतात आणि कामाचे आठ तास करतात. धुराचं मशीन सुटतं, लाईट लागतो. पहिली टाळी कोण वाजवेल? मी सांगू?

विचार पोचतो म्हणालास ना दोस्ता. कुणाकडं पोचतो ते बघ. स्टारवर मी राग काढत नाही, तो बिचारा नाईट घेणार आणि रातोरात दुसऱ्या गावी जाणार, त्याला आपल्या गावात ठेकेदार कोण आणि मावशी कोण हे काय ठाऊक. आपल्याला ठाऊक आहे. ठाऊक असून आपण प्लॅन उघडायला निघालोय.

हेही कबूल करतो की पैशाचा प्रश्न खोटा नाही. मंडळावर गेल्या वर्षीचं मंडपाचं देणं आहे. महानाट्यातनं चार पैसे सुटतील असं खजिनदार म्हणतो, आणि तो माणूस प्रामाणिक आहे. पण सात लाखाचा जुगार आपण एका चेहऱ्यावर लावतोय, आणि तिकिटं खपली नाहीत तर फेडायला वर्गणी परत मावशीकडंच मागणार. न्यूयॉर्कच्या मालकांकडं बुडवायला पैसा असतो. आपल्याकडं बुडवायला फक्त विश्वास आहे.

रोबसनची एक गोष्ट राहिली. १९६० साली, पासपोर्ट परत मिळाल्यावर, तो ऑस्ट्रेलियाला गेला. सिडनीला तेव्हा ते जगप्रसिद्ध ऑपेरा हाऊस बांधलं जात होतं. नुसते लोखंडाचे सांगाडे, काँक्रीट, पराती. दुपारच्या सुट्टीत रोबसन तिथं गेला आणि बांधकामावरच्या कामगारांपुढं उभा राहून गायला. माणसं पराचीवर बसून, हातात डबा धरून ऐकत होती. ऑपेरा हाऊस उघडलं १९७३ साली. म्हंजे तेरा वर्षं आधी, छप्पर नव्हतं तेव्हा, तिथला पहिला कार्यक्रम होऊन गेला होता. तिकीट नव्हतं. ज्यांनी पुढं तिथल्या खुर्च्या बसवल्या, त्यांनी तो ऐकला.

तेव्हा माझा उलटा ठराव आहे आणि तो मी येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये मांडणार. महानाट्य आणायचं तर आणा, बहुमत असेल तर मी खुर्च्या उचलायलाही येईन. पण ठेकेदाराची पावती परत करा. तो पैसा घेऊन वग करायचा असेल तर त्यातनं मला वगळा आणि माझा वगही वगळा. आणि जलसा पाचला नाही. तेरा तारखेच्या रात्री बारा वाजता जयंती लागते, गावभर फटाके उडतात. त्याच टायमाला दुसरी पाळी सुटते आणि तिसरी आत जाते. गेटवर दोन्ही पाळ्यांची माणसं समोरासमोर येतात. आम्ही तिथं, गेटाबाहेरच्या रस्त्यावर उभे राहणार. पोलीस परवानगीचा अर्ज मी लिहून ठेवलाय, सह्या पाहिजेत. आत जाणाऱ्यांना पंधरा मिनिटंच मिळतात, म्हणून वग दोन तुकड्यांत तोडलाय, बोटाचा भाग आधी.

तालीम रोज रात्री साडेआठला, समाजमंदिराच्या मागं. ढोलकी आहे. हलगीचं कातडं फाटलंय, कुणाकडं असेल तर घेऊन या. कोरसला दोन आवाज कमी पडतात. मावशीच्या कामाला बाई मिळाली नाही तर मीच लुगडं नेसणार आहे, पण तिला विचारलंय, ती अजून 'नाही' म्हणालेली नाही.